फोटोत वाचता येणारा हिस्सा नंबर पीडीएफमध्ये पुसट का होतो?

प्रश्न : आमचे घर खेड बाजारपेठेच्या जवळ आहे. २०२१च्या जुलैत पाणी आत आले, तेव्हा कागदांची ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. त्यानंतर आजोबांचे खरेदीखत, हाताने लिहिलेले जुने सातबारे, फेरफार, घरपट्टीच्या पावत्या असे सगळे मोबाइलमध्ये ठेवायचे ठरवले. मी फोटो काढले, व्हॉट्सॲपवर पुतण्याला पाठवले, त्याने एका ॲपमध्ये घालून त्यांची पीडीएफ केली आणि मुंबईला माझ्या थोरल्या भावाकडे धाडली. भावाला हिस्सा नंबर १ आहे की ९ तेच कळेना. माझ्या मोबाइलमधल्या फोटोत तो नंबर स्वच्छ दिसतो! पीडीएफ केली की फोटो खराब होतो का? सेतू केंद्रातला मुलगा म्हणतो, "३०० डीपीआयवर करा." पुतण्या म्हणतो, "आधी पीएनजी करून घेऊ." काहीही न घालवता फोटोची पीडीएफ करता येते का?
— एक वाचक, खेड (जि. रत्नागिरी)

उत्तर : येते, आणि त्याला खर्चही नाही. फक्त चोर कोण ते आधी ठरवायला हवे, कारण तुमचा संशय चुकीच्या माणसावर आहे. फोटो एकच, नंबर एकच. खेडमध्ये तो वाचता येतो आणि मुंबईला पोचेपर्यंत पुसट होतो. मधे पीडीएफ झाली म्हणून आळ पीडीएफवर आला. पण या प्रवासात पीडीएफ अगदी शेवटी आली आणि बिचारी बरीचशी निरपराध आहे.

पीडीएफ १९९३मध्ये ॲडोबी कंपनीने बाजारात आणली. कोणत्याही संगणकावर, कोणत्याही छपाई यंत्रावर पान जसेच्या तसे दिसावे, एवढाच तिचा हेतू. २००८पासून ती आंतरराष्ट्रीय मानक आहे, कुणा एका कंपनीची मालमत्ता राहिलेली नाही. पीडीएफच्या पानावर अक्षरे, रेषा आणि चित्रे अशा तिन्ही गोष्टी राहू शकतात. यातली चित्रे आत कशी ठेवायची याचे बरेच मार्ग मानकातच दिले आहेत आणि त्यातला एक आपल्या कामाचा आहे : मोबाइलने काढलेला जेपीईजी फोटो उचलायचा आणि एकही बिंदू न बदलता आत ठेवायचा. म्हणजे कागद पाकिटात घालावा तसे. पाकीट उघडून कागद बाहेर काढला, तर तो होता तसाच निघतो. पण पुष्कळ ॲप असे करत नाहीत. ती कागद समोर ठेवून त्याची नवी नक्कल उतरवतात आणि पाकिटात ती नक्कल घालतात. दोष असतो तो या नकलेत.

आता तुमच्या फोटोचा माग काढू. आजच्या मोबाइलचा फोटो साधारण १२ मेगापिक्सेलचा असतो, म्हणजे ४००० बाय ३००० बिंदू. (खोक्यावर ५० मेगापिक्सेल छापलेले असले, तरी नेहमीच्या सेटिंगवर बहुतेक फोन चार-चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. त्यात फसवणूक नाही, उलट कमी उजेडात फायदाच होतो.) ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब. तो चौकटीत पुरेपूर भरला असेल, तर लांबीच्या दर मिलिमीटरला जवळजवळ साडेतेरा बिंदू आले. सातबाऱ्यावरचा बारीक आकडा दोन मिलिमीटर उंच धरला, तर त्याच्या वाट्याला सुमारे २७ बिंदू येतात. १ची खालची शेपटी आणि ९चे वळण वेगळे दिसायला एवढे भरपूर झाले. म्हणून तुम्हाला नंबर स्वच्छ दिसतो.

मग तो फोटो व्हॉट्सॲपवर गेला. साध्या पद्धतीने फोटो पाठवला, की व्हॉट्सॲप डेटा वाचवण्यासाठी त्याची लांब बाजू साधारण १६०० बिंदूंवर आणते. ४००० बाय ३०००चे झाले १६०० बाय १२००. सहा बिंदूंमागे पाच वाटेतच गळाले! तुमच्या दोन मिलिमीटरच्या आकड्याला आता ११ बिंदू उरले. पुतण्याकडे पोचला तो असा फोटो. त्याच्या ॲपने त्यात काहीही न बिघडवता पीडीएफ केली असती, तरी मुंबईत नंबर धूसरच दिसला असता.

बिंदू कमी झाले एवढ्यावर हे थांबत नाही. जेपीईजी ही १९९२मध्ये मानक ठरलेली पद्धत चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला जो बारकावा माणसाच्या डोळ्याला सहसा जाणवत नाही, तो टाकून देते. माणसांचे चेहरे, आकाश, भातशेती यांना हे चालून जाते, कारण तिथे रंग हळूहळू बदलतो. कागदावर मात्र पांढरे आणि काळे एकमेकांना खेटून असतात, आणि अशा तीव्र कडाच जेपीईजीला सर्वांत जड जातात. अक्षराभोवती धूळ उडाल्यासारखे करडे ठिपके दिसतात ते त्यामुळे. २७ बिंदूंचा आकडा अशा तीन-चार चौकोनांच्या उंचीत पसरलेला असतो, म्हणून थोडी धूळ सोसतो. ११ बिंदूंचा आकडा दीड चौकोनात मावतो आणि त्याचा आकारच धुळीत जातो. शिवाय बहुधा रंगांची माहिती निम्म्याच बारकाव्याने साठवली जाते, म्हणून निळ्या शाईची सही किंवा जांभळा शिक्का काळ्या अक्षरांच्या आधी विरघळतो.

आणि ही क्रिया दर वेळी नव्याने होते. मोबाइलने एकदा केली, व्हॉट्सॲपने दुसऱ्यांदा, ॲपने पीडीएफ करताना तिसऱ्यांदा. काही ॲपमध्ये 'लहान फाइल' हा पर्याय आधीच निवडलेला असतो. कुणी ए-फोर पान ७२ डीपीआयने (दर इंचाला ७२ बिंदू) तयार केले, तर सगळे पान ५९५ बाय ८४२ बिंदूंचे होते आणि आकड्याला सहासुद्धा बिंदू धड मिळत नाहीत. तिथे भावाचे डोळे काय करणार?

सेतूतल्या मुलाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. स्कॅनरवर कागद ठेवून ३०० डीपीआय निवडले, की यंत्र खरोखरच दर इंचाला ३०० बिंदू मोजते. ए-फोरचे २४८० बाय ३५०८ होतात आणि छापील मजकुराला ते उत्तम. सोय असेल तर खुशाल स्कॅनर वापरा. फोटोचे तसे नाही. फोटो काढून झाल्यावर बिंदू जेवढे आहेत तेवढेच राहतात. नंतर कुठल्या तरी चौकटीत ७२ खोडून ३०० लिहिले, तर पान कागदावर केवढे छापायचे एवढी सूचना बदलते, नवा बारकावा येत नाही. तुमचा मूळ फोटो ए-फोर पानावर बसवला, तर हिशेबाने तो ३४० डीपीआयच्या आसपास आहेच. व्हॉट्सॲपवरून गेलेला भरतो १३७.

पुतण्याचा पीएनजीचा उपाय त्याहून निरुपयोगी, पण त्याला रागावू नका, हा समज सार्वत्रिक आहे. पीएनजी काही टाकून देत नाही हे खरे. पण जे जेपीईजीने आधीच टाकले ते पीएनजी कुठून आणणार? फाइल तेवढी चार-पाच पट फुगेल. पीएनजी शोभते ती स्क्रीनशॉटला, रेषांच्या नकाशाला, म्हणजे जे चित्र मुळातच संगणकावर तयार झाले त्याला.

आता करायचे काय ते सांगतो. पुतण्याकडे फोटो पुन्हा पाठवा, पण व्हॉट्सॲपमध्ये 'गॅलरी'तून न निवडता 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. तसे केले की मूळ फाइल जशीच्या तशी जाते. २०२३पासून आलेला 'एचडी' पर्याय साध्यापेक्षा पुष्कळ बरा, पण तोही फोटो दाबतोच. केबल, पेन ड्राइव्ह, ईमेलची जोडणी, ड्राइव्हचा दुवा यांतले काहीही चालेल. फोटो आयफोनचे असतील, तर आणखी एक अडचण येते. २०१७पासून आयफोन जेपीईजीऐवजी एचईआयसी नावाच्या प्रकारात फोटो साठवतो आणि पीडीएफमध्ये त्या प्रकाराला जागाच नाही. म्हणजे नक्कल करणे भागच पडते. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडले, की पुढचे फोटो जेपीईजी होतात.

मूळ फाइल हाती आल्यावर ती पाकिटात घालणारे साधन हवे. संगणकाची थोडी सवय असलेल्यांसाठी 'आयएमजी-टू-पीडीएफ' नावाचा छोटा मोफत प्रोग्राम आहे (इंग्रजीत लिहिताना मधला 'टू' म्हणजे २ हा आकडा). तो जेपीईजी फोटो बिंदूलाही हात न लावता पीडीएफमध्ये ठेवतो. दिसायला अगदी रुक्ष, एक काळी खिडकी आणि एका ओळीची आज्ञा. पण त्याच्याइतके प्रामाणिक साधन मला दुसरे माहीत नाही. मोबाइलवरच करायचे असेल, तर ॲपच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल', 'मॅक्सिमम क्वालिटी' किंवा 'नो कॉम्प्रेशन' असा पर्याय शोधा. ॲपला तो पर्याय नसेल, तर ॲप बदला. फुकट पीडीएफ करून देणारी संकेतस्थळेही ढिगाने आहेत, पण तिथे तुमचा कागद आधी दुसऱ्याच्या संगणकावर चढवावा लागतो. घरच्या खरेदीखताची आणि आधार कार्डाची अशी वाटावाट करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन रूढ वाटा मात्र टाळा. पहिली विंडोजमधली : फोटो उघडायचा, 'प्रिंट' म्हणायचे आणि प्रिंटरच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडायचे. यात फोटो नव्याने उतरवला जातो. शिवाय त्या खिडकीत 'फिट पिक्चर टू फ्रेम' या चौकोनात खूण आधीच असते आणि ती पान भरण्यासाठी फोटोच्या कडा कापते. सातबाऱ्याची वरची कड गेली, की गाव आणि तालुका गेला! दुसरी वाट वर्डमधली. फोटो वर्डच्या पानावर चिकटवून ती फाइल पीडीएफ म्हणून जतन करतात. वर्ड फाइल जतन करताना चित्रे स्वतःहून लहान करू शकतो. ऑप्शन्समधल्या ॲडव्हान्स्ड विभागात 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' असा चौकोन आहे. त्यात खूण केल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

काम चोख झाले का, हे फाइलच्या आकारावरून कळते. दर फोटो ४ एमबीचा असे दहा फोटो असतील, तर पीडीएफ ४० एमबीच्या आसपास भरायला हवी. २ एमबी भरली तर समजा, नक्कल घातली. उलट दीड-दोनशे एमबी भरली म्हणून खूशही होऊ नका. याचा अर्थ फोटो उलगडून बिंदू-बिंदू साठवला गेला. १२ मेगापिक्सेलचा फोटो पूर्ण उलगडला, तर एकटाच ३६ एमबी होतो. त्यात गेले काही नाही, पण मिळालेही काही नाही. मग पीडीएफ आणि मूळ फोटो दोन्ही चारशे टक्के मोठे करून एकच आकडा शेजारी-शेजारी पाहा. मोबाइलच्या पडद्यावर न वाढवता पाहिले, तर काहीही स्वच्छच वाटते, कारण तिथे चांगला फोटोही आकसून दाखवला जातो आणि वाईटही. तुमची फसगत थोडी इथेही झाली असेल.

फोटो काढतानाचेही सांगायला हवे, कारण फोटोच हललेला असेल तर वरचे सगळे व्यर्थ. फ्लॅश बंद. कागद पडवीत, उजेडाच्या तोंडाला, सपाट ठेवा. आपल्याकडचा पावसाळी ढगाळ उजेड या कामाला फार चांगला, सावली पडत नाही आणि शाई चकाकत नाही. फोन कागदाला समांतर धरा. लांबून झूम करू नका, जवळ जा. खरेदीखताचा कागद ए-फोरपेक्षा लांब असेल, तर वरचा आणि खालचा असे दोन फोटो काढा आणि मधल्या चार-पाच ओळी दोन्हींत येऊ द्या. घडीवर ओळ असेल, तर घडी हलक्या हाताने उघडूनच फोटो घ्या, फाटत असेल तर राहू द्या.

इथेच एका मोहापासून सावध करतो. स्कॅन ॲपमध्ये 'मॅजिक' किंवा 'ब्लॅक अँड व्हाइट' नावाचा फिल्टर असतो. एका टिचकीत पिवळा कागद पांढराशुभ्र आणि अक्षरे काळीकुळकुळीत. नव्या छापील कागदाला तो ठीक आहे. तुमच्या ट्रंकेतल्या कागदांना मुळीच नाही. हा फिल्टर प्रत्येक बिंदूला काळे की पांढरे, एवढेच विचारतो. उडालेली तपकिरी शाई, पेन्सिलीतली नोंद, फिका शिक्का हे सगळे पांढऱ्यात जाते आणि ओलीचा डाग काळ्यात. मोडीतल्या जुन्या दस्तांची बारीक वळणे तर पहिल्याच टिचकीत तुटतात. मूळ प्रत नेहमी रंगीतच ठेवा.

काळ्या-पांढऱ्याच्या अतिहौसेचा एक प्रसिद्ध किस्सा आहे. २०१३मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने एका घराचा बांधकाम नकाशा झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर स्कॅन केला. प्रतीत एका खोलीचे क्षेत्रफळ २१.११ चौरस मीटरच्या जागी १४.१३ असे उमटले. अक्षर धूसर नव्हते, फाटके नव्हते. आकडा स्वच्छ होता आणि खोटा होता! कारण असे की जागा वाचवण्यासाठी ते यंत्र पानावरचे सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवत असे आणि जिथे-जिथे तसा तुकडा असेल तिथे तोच चिकटवत असे. 'सारखे' आणि 'जवळजवळ सारखे' यांत त्याची गल्लत झाली. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली. पण बारीक आकड्यांच्या कागदाला ही पद्धत वापरायची नाही, हा धडा अनेकांनी तेव्हा घेतला. हिस्सा नंबर, हेक्टर-आर, आणे-पै यांनी भरलेल्या सातबाऱ्याला तो तंतोतंत लागू आहे. धूसर आकडा निदान 'मला कळत नाही' असे सांगतो, चुकीचा स्वच्छ आकडा ते सांगत नाही.

तुम्ही विचारले नाही, पण पुढच्याच महिन्यात विचाराल असे एक : "सरकारी अर्जात ५०० केबीच्या आत फाइल मागतात, तिथे ही ४० एमबीची पीडीएफ कशी चढवू?" चढवू नका. तिथे गुणवत्ता थोडी घालवावीच लागते. ती कुठे घालवायची एवढे आपल्या हाती असते. मूळ फोटोची एक वेगळी प्रत घ्या. टेबल, चटई, बोटे वगैरे कापून फक्त कागद ठेवा. रंगाची गरज नसेल, तर ग्रेस्केल करा (काळे-पांढरे नव्हे, करड्या छटा ठेवणारे). लांब बाजू १८०० ते २३०० बिंदूंवर आणा आणि एकदाच जतन करा. ए-फोरला हे १५० ते २०० डीपीआय पडते, वाचायला पुरते. फाइल तरी मोठी भरली, तर तीच पुन्हा दाबू नका, मूळ फोटोकडे परत जाऊन नव्याने लहान करा. दाबलेले पुन्हा-पुन्हा दाबण्यात केबी थोडे वाचतात आणि अक्षर फार जाते.

मूळ फोटोही पीडीएफ झाली म्हणून पुसून टाकू नका. शेजारच्या चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ आणि २०२१ असा दोनदा पूर सोसला आहे. जगबुडी नदी भरली की खेडची काय गत होते ते मी तुम्हाला सांगायला नको. एक संच मोबाइलमध्ये, एक मुंबईला भावाकडच्या ड्राइव्हवर, एवढी विभागणी पुरे.

शेवटी तुमच्या यादीत नसलेल्या पण घरात नक्की असलेल्या कागदाबद्दल. महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून जो डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरवून घेता, तो मुळातच पीडीएफ आहे. त्याचा स्क्रीनशॉट काढून पुन्हा पीडीएफ करण्याची चाल खूप दिसते. असे केल्याने अक्षरांचे चित्र होते, आतली डिजिटल स्वाक्षरी गळून पडते आणि मजकूर शोधण्याची, उतरवून घेण्याची सोयही जाते. ती फाइल कशातही न घालता, आहे तशीच पुढे पाठवा. कुणाला खात्री करायची असेल, तर तिच्यावरचा पडताळणी क्रमांक त्याच संकेतस्थळावर टाकला की मूळ उतारा समोर येतो.